अन्नाची पिशवी

डॉक्टरांनी ‘गाठ’ म्हटलं आणि मंगलचा हात आपोआप पोटावर गेला, पण डॉक्टर बोट दाखवत होते तिथं, फासळ्यांच्या खाली, तो गेला नाही. तो गेला बेंबीच्या खूप खाली, निऱ्यांच्या आड, जिथं जुना आडवा व्रण होता तिथं. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यातली ती अरुंद खोली. नुकतीच तोंडातून नळी घालून तपासणी झाली होती. घशात मारलेल्या औषधानं जीभ अजून दुसऱ्या कुणाचीतरी वाटत होती. डॉक्टर पोरसवदा होते, दमलेले होते, आणि बोलत होते ते तिच्या नवऱ्याशी, परमेश्वरशी. सांगत होते की अंगातलं रक्त निम्म्यावर आलंय ते उगाच नाही, ही गाठ आतल्या आत झिरपतेय, म्हणून शौचाला डांबरासारखं काळं होतंय. गाठ जठराच्या भिंतीत आहे, वरच्या अस्तराच्या खाली दडलेली, त्यामुळं वरवरचा चिमटा घेऊन तिचं नाव कळायचं नाही. आधी स्कॅन, मग संभाजीनगरला जाऊन आतूनच सोनोग्राफी करत सुईनं तुकडा घ्यावा लागेल. घाबरू नका, ते म्हणाले, पण उशीरही करू नका. परमेश्वर मान हलवत राहिला. मंगलनं त्या शेवटच्या वाक्याचा आवाज तेवढा ऐकला. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. तोच सूर, तीच घाई, आणि खोलीतल्या दोन पुरुषांची तिच्या पोटाबद्दल झालेली तीच एकवाक्यता.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. परळी मागं पडली, सिरसाळा गेलं, दिंद्रुडच्या फाट्यावर माणसं चढली-उतरली. याच पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर निघायचा दरसाल. दिवाळीनंतर नवरा-बायको मिळून एक कोयता असं मोजून माणसं भरली जायची, भांडीकुंडी, शेळी, तान्ही पोरं सगळं वर, आणि ट्रॅक्टर खाली सांगली-कोल्हापूरकडं. तिचं लग्न झालं तेव्हा तिला सोळावं संपत होतं. सव्विसाव्या वर्षी अंगावरून जायला लागलं, पांढरं, कंबर मोडायची, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना डोळ्यांपुढं काजवे यायचे. हंगाम संपल्यावर सासू, भिवराबाई, तिला एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेली. भिवराबाईचं स्वतःचं ऑपरेशन झालेलं होतं, जावेचं झालेलं होतं, टोळीतल्या बहुतेक बायकांचं झालेलं होतं. तिथल्या डॉक्टरनं पोटावर थंडगार जेल लावून यंत्र फिरवलं आणि भिंतीकडं बघत सांगितलं, गर्भाची पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. कॅन्सर हा शब्द त्या खोलीत पडला आणि त्याच्यानंतर कुणी काही विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी तिला टेबलावर घेतलं. तिसऱ्या हंगामापर्यंत तिला चाळिशीच्या बाईसारखा घाम फुटायला लागला, हाडं दुखायला लागली, पाचटाच्या कोपीत बसल्या बसल्या उगाच रडू यायला लागलं. तिला वाटायचं, जगले तरी. कॅन्सर नाही झाला.

आणि मग बऱ्याच वर्षांनी, कोयता सुटून ती माजलगावात राहायला आली होती तेव्हा, बायकांची तपासणी करायला सरकारी पथक आलं. त्यातली एक लहानखुरी डॉक्टरीण तिच्याशी पुष्कळ वेळ बोलली. काय होत होतं, किती दिवस होत होतं, डॉक्टरनं काय तपासलं, सगळं विचारलं. मग थोडी थांबली आणि म्हणाली, एवढ्याला औषधाच्या गोळ्या पुरल्या असत्या हो ताई, त्या वयात पिशवी काढायची काहीच गरज नव्हती. बाई मनानं चांगली होती. पण ते वाक्य मंगलच्या आत जाऊन बसलं ते बसलंच. तोपर्यंत तिची एक गोष्ट गेलेली होती. त्या दिवशी त्या जाण्याचं कारणही गेलं. व्रणाच्या मागं आता नुसती पोकळी होती, तिच्यात वारा शिरल्यासारखं व्हायचं. स्वयंपाक करताना, केस विंचरताना, मध्येच. आणि आता हा पोरसवदा डॉक्टर म्हणतोय, गाठ. खिडकीबाहेर उसाचे फड हिरवेगार उभे होते, धरणाचं पाणी पिऊन माजलेले. ती डोळे मिटून बसली, तर मिटलेल्या डोळ्यांआडही कुणीतरी भिंतीकडं बघत बोलत होतं.

ती गेली नाही. स्कॅनचा दिवस आला आणि त्या दिवशी ती नेहमीसारखी विमलबाईच्या खाणावळीत भाकरी थापायला गेली. बसस्टँडमागच्या त्या खाणावळीत तिच्या हाताला चव आहे असं सगळे म्हणत. परमेश्वर भाजीच्या छोट्या टेम्पोवर ड्रायव्हर होता. तो त्या दिवशी गाडीवर न जाता घरीच थांबला होता, तिला न्यायचं म्हणून. दुपारी ती परतली तेव्हा तो उंबऱ्यात बसलेला. तो चिडेल, ओरडेल, असं काहीतरी व्हायला हवं होतं. तसं काही झालं नाही. तो जमिनीकडं बघत एवढंच म्हणाला, “या बारीला मी कायच म्हणणार न्हाई. जा बी म्हणणार न्हाई, नको बी म्हणणार न्हाई. तू म्हणशील तसं.” मंगल आत गेली, माठातून पाणी घेतलं, आणि ते न पिताच खाली ठेवलं. पहिल्या वेळी सगळ्यांनी तिच्यासाठी ठरवलं होतं म्हणून ती आतल्या आत इतकी वर्षं जळत होती, आणि आता तिच्यावर सोपवलं तर पायाखाली काहीच नव्हतं. खरं असेल तर? ही खरीच गाठ असेल, आणि त्या खोटेपणाचा राग मनात धरून ती या खऱ्या गाठीला वाढू देत असेल, तर? आणि खोटं असेल तर? दोन्हीकडून सारखीच भीती यायची, आणि मध्ये ती, भाकरीच्या पिठाचे हात घेऊन.

त्यानंतरचे दिवस तिनं पोट ऐकण्यात घालवले. जेवताना चार घासांत पोट गच्च व्हायचं. हे आधीपासून होतं की आता मनानंच होतंय? आंघोळ करताना डाव्या बाजूला फासळीखाली बोटं खुपसून ती चाचपायची. काही लागायचं नाही. लागत नाही म्हणजे नाहीच, असं एक मन म्हणायचं. दुसरं मन म्हणायचं, दडलेली आहे म्हणालाच होता की तो. संडासात ती खाली बघायचं टाळायची आणि मग बघायचीच. काळं दिसलं की म्हणायची काल पालक खाल्ला होता. तव्यावरच्या भाकरीचा वास, जो तिला आयुष्यभर आवडला, तो आता तोंडात राखेसारखा यायचा. विमलबाईनं एकदा विचारलं, तोंड असं पांढरंफटक का पडलंय. मंगलनं ऊन बाधलं म्हणून सांगितलं. रस्त्यानं जाताना तिला वाटायचं की लोक आरपार बघतायत. आपल्या पोटात काय आहे ते आपल्याला सोडून सगळ्यांना माहीत आहे, असं तिला आताशा वाटायला लागलं होतं.

मग एका सकाळी खाणावळीत भाताचं पातेलं उतरवायला ती उठली आणि तिचं ऐकणं आधी गेलं. विमलबाईचे ओठ हलताना दिसत होते, आवाज नव्हता. भिंत तिरकी झाली. शुद्धीवर आली तेव्हा ती सरकारी दवाखान्याच्या खाटेवर होती आणि हाताला रक्ताची पिशवी लावलेली होती. थेंब पडत होते. कुणाचं असेल, पुरुषाचं की बाईचं, ते माणूस आता कुठं असेल, काय करत असेल, असं काहीबाही तिच्या मनात येत राहिलं. अनोळखी माणसाचं रक्त आपल्या अंगात चाललंय आणि आतल्या कुठल्यातरी भोकातून ते पुन्हा वाहून जाणार, या विचारानं तिला एकदम इतकी भीती वाटली की तिनं खाटेची कड घट्ट धरली. खोटी गाठ असं रक्त पीत नाही. हे तिला त्या खाटेवर कुणी सांगितलं नाही. तिचं तिलाच ते उमगलं, आणि त्यामुळं ती जास्तच घाबरली.

लातूरहून तिची मुलगी मनिषा आली. ती तिकडं औषधाच्या दुकानात कामाला होती, नवऱ्याचं घरही तिकडंच. आईच्या उशाशी बसून तिनं आधी काहीच उपदेश केला नाही. केस विंचरून दिले, पावडर लावली. मग परमेश्वर चहा आणायला गेला तेव्हा हळू आवाजात म्हणाली, “माय, तुझा इस्वास बसत न्हाई ना डॉक्टरावर? मग नको ठेवू. कुणी म्हणतंय म्हणून ठेवूच नको. फकस्त इचार. समद्यांच्या आधी तू इचार.” मंगल छताकडं बघत राहिली. तिला आठवलं, त्या पहिल्या वेळी ही पोर सहा वर्षांची होती आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून चुरमुरे खात होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मंगलला तरी कुणी काय सांगितलं होतं.

संभाजीनगरच्या दवाखान्यात त्यांचे फार दिवस गेले. स्कॅनच्या यंत्रात ती सरकत आत गेली तेव्हा ‘श्वास रोखा’ असं यंत्र म्हणालं, आणि तिला वाटलं की आता हा श्वास परत सोडू देतील की नाही. नंतर झोपेचं इंजेक्शन देऊन तोंडातून दुसरी जाड नळी, सुई, तुकडा. मग नुसतं थांबणं. तुकड्याला वेगवेगळे रंग लावून बघतात, मनिषा सांगायची, रंग चढला तर नाव कळतं. बाकांवर माणसं बसलेली असायची, रुमाल बांधलेली, नाकात नळ्या असलेली, कुणी नुसतीच हडकलेली. मंगल त्यांच्याकडं चोरून बघायची. यांना कुणी खरं सांगितलं असेल? की यांच्या घरच्यांना सांगितलं असेल, आणि हे बिचारे त्यांच्या तोंडांकडं बघून अंदाज बांधत असतील? एक म्हातारा रोज तिच्याकडं बघून हसायचा. एके दिवशी तो आला नाही. तिनं कुणाला विचारलं नाही.

निकाल सांगायला ज्या डॉक्टरीणबाई होत्या त्या उंच होत्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. त्यांनी कागद बघितले आणि सवयीनं परमेश्वरकडं वळून बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात मंगल म्हणाली, “मॅडम, माझ्याकडं बघून सांगा.”

बाई थांबल्या. खुर्ची वळवून त्या तिच्यासमोर बसल्या. मंगल पुढं सरकून म्हणाली, “मागं मला एकांनी असंच सांगितलं, आन् माझी पिशवी काढली. पुढं कळलं, कायच झालेलं नव्हतं. ही गाठ हाय का न्हाई, मला दिसली पायजे.”

मागं परमेश्वरनं श्वास घेतल्याचा आवाज झाला.  बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडं फिरवला. करड्या ढगांसारखं काहीतरी. बाईंनी पेनच्या टोकानं दाखवलं, हा पाठीचा कणा, हे यकृत, आणि ही अन्नाची पिशवी. पिशवी म्हटल्यावर मंगलचं अंग चोरलं गेलं. बाईंना ते दिसलं असावं, कारण त्या हळू झाल्या. हे बघा, इथं हिची भिंत बारीक आहे, इथंही बारीक आहे, आणि इथं. तिथं मोसंबीएवढं गोल होतं. भिंतीतून आत फुगलेलं, मध्ये काळसर. मंगलनं ते बघितलं. बघताक्षणी तिला ते ओळखीचं वाटलं, जसं काही इतके दिवस अंधारात बोटांनी तेच शोधत होती. ती म्हणाली, “हाय.” कुणी विचारलेलं नसताना. आणि मग इतक्या दिवसांची दोन भीतींमधली एक गळून पडली, आणि राहिलेली एकटीच उभी राहिली, पूर्वीपेक्षा मोठी.

बाईंनी सांगितलं की पोटाच्या नेहमीच्या कॅन्सरपेक्षा हे वेगळं आहे. पोटाला हालचालीचा इशारा देणाऱ्या पेशी भिंतीत असतात, त्यांच्यातून ही गाठ वाढते; जिस्ट म्हणतात. नेहमीची सलाईनची केमो हिला लागू पडत नाही, पण एक गोळी आहे, ती पुष्कळांना लागू पडते; तुमच्या तुकड्यात जो जनुकातला बदल सापडलाय त्याला लागू पडायला हवी. गाठ अन्ननलिकेच्या तोंडाशी आहे. आज कापायला गेलो तर कदाचित सगळी अन्नाची पिशवी काढावी लागेल. म्हणून आधी काही महिने गोळी, आकसली तर मग ऑपरेशन. मंगलनं विचारलं, आणि नाही आकसली तर. बाई म्हणाल्या, “तर मी तुम्हाला नाही आकसली असं सांगेन.” त्या एवढंच बोलल्या. मंगलनं त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं. त्या भिंतीकडं बघत नव्हत्या.

मग गोळीचे महिने. रोज जेवणात अर्धं पोट भरल्यावर ती गोळी, वर तांब्याभर पाणी. सकाळी उठली की डोळ्यांभोवती पाणी साचून तोंड सुजलेलं, आरशात भिवराबाई दिसायची, शेवटच्या दिवसांतली. पोटऱ्यांत गोळे यायचे, मळमळायचं. हळूहळू कातडीचा रंग उतरायला लागला. खाणावळीतल्या बायका म्हणायच्या, मंगल, उजळलीस की गं, आणि हसायच्या, आणि ती मनात म्हणायची, मी पुसली जातेय. गोळी गाठीला खातेय की मला, हे कसं कळायचं? कधी वाटायचं आत काहीतरी आवळतंय. कधी वाटायचं, छे, पसरतंय, आज डाव्या कुशीवर झोपता येत नाहीये. परमेश्वर गोळीच्या वेळेला टेम्पो कुठंही असला तरी फोन करायचा. घेतली का, एवढंच. ती घेतली म्हणायची. दोघांपैकी कुणी फोन लगेच ठेवायचं नाही; पलीकडून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत राहायचे. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, तिच्या अंगाबद्दल त्यांचं एवढंच पहिलं खरं बोलणं. एकदा ती म्हणाली, “आवो, मला लई भ्या वाटतंय.” तो म्हणाला, “मला बी.” आणि त्या दिवशी तिला जरा बरं झोपता आलं.

दुसऱ्या स्कॅनला गाठ आकसलेली निघाली. मोसंबीची आता लिंबापेक्षा थोडी मोठी, आणि आतून विझल्यासारखी. मनिषा रडली, परमेश्वर उठून बाहेर गेला. मंगल मात्र पडद्याकडं बघत राहिली. लहान झालेली गाठ तिला जास्त लबाड वाटली. ऑपरेशन करणारे डॉक्टर वेगळे होते, ठेंगणे, कमी बोलणारे. तिनं त्यांना विचारलं किती काढणार. ते म्हणाले, गाठ आणि तिच्या कडेची थोडी भिंत, बाकी पिशवी शिवून टाकायची. पण आत गेल्यावर गाठ अन्ननलिकेच्या तोंडाला चिकटलेली निघाली, तर सगळी काढावी लागेल. हे आधी सांगतोय, ते म्हणाले, कारण तेव्हा तुम्ही झोपेत असाल. मंगलनं विचार केला. झोपेत असताना घेतलेलं परत मिळत नाही, हे तिच्याएवढं कुणाला ठाऊक होतं. पण या वेळी झोपेच्या आधी विचारलं होतं. ती म्हणाली, “लागंल तेवढंच. आन् समदं काढलं तर पयल्यांदा मला सांगा.” त्यांनी मान हलवली.

टेबलावर दिवे होते, थंडी होती, हिरव्या कपड्यातली माणसं आपापसात कुणाच्यातरी बदलीबद्दल बोलत होती. तोंडावर मास्क आला. ती घाबरली, भयंकर घाबरली, टेबलावरून उठून पळावं इतकी. आणि पाय हलले नाहीत.

जाग आली ती तुकड्यातुकड्यांनी. आधी दुखणं, मग नाकातली नळी, मग आवाज. कुणीतरी तिचं नाव घेत होतं. तिला विचारायचं होतं, पण विचारण्याच्या आधीच ती विचारायला घाबरली. मनिषाचं तोंड जवळ आलं. माय, पिशवी राहिली गं, मनिषा म्हणाली, लई राहिली, थोडीच काढली. ठेंगणे डॉक्टरही येऊन तेच बोलले, तिच्याकडं वाकून, स्पष्ट. कडा स्वच्छ वाटतायत, ते म्हणाले, तुकडा तपासायला पाठवलाय, गोळी मात्र पुढं तीन वर्षं, आणि अधूनमधून स्कॅन. परत येणारच नाही असं सांगत नाही, पण आली तर लवकर दिसेल. मंगलनं सगळं ऐकलं. खरं वाटलं का, तर नाही. सगळे चांगलं बोलत होते, म्हणूनच नाही. चेहरे बघून तिनं आयुष्यात काहीच खरं ओळखलेलं नव्हतं. ती पडून राहिली आणि आत कान लावला. आत काही नव्हतं, नुसती आग होती, आणि तिच्याखाली ती जुनी पोकळी. आता ती वरपर्यंत आली असेल तर?

नळी निघाल्यावर सिस्टर चमचाभर पाणी घेऊन आल्या. हळू, म्हणाल्या, घाई नको. परमेश्वरनं तिची मान हातावर धरली. पाणी तोंडात आलं, आणि तिनं ते धरून ठेवलं. गिळायची तिची हिंमत होईना. गिळलं आणि त्याला जायला जागाच नसली तर, ते असंच घरंगळत कुठंही गेलं तर, मग कळेलच सगळं, मग कुणी काही सांगायची गरज राहणार नाही. सिस्टर म्हणाल्या, गिळा ना ताई. परमेश्वरनं मान तशीच धरून ठेवली. 

तिनं गिळलं. गार रेघ घशातून खाली उतरली, छातीच्या मागून, हळूहळू, ती तिच्याबरोबर उतरत गेली, श्वास रोखून. फासळ्यांच्या खाली जराशी कळ उठली. आणि तिथं, आत, डावीकडं, पाणी थांबलं. कुणीतरी ओंजळ धरावी तसं.

मंगलनं डोळे उघडले. नवरा बघत होता, पोर बघत होती.

“हाय,” ती म्हणाली, आणि पुन्हा तोंड उघडलं, चमच्यासाठी.